आंबुशी

लक्ष्मीपुरीत कटारियांनी पांढरी पूड काट्यावर ओतली
आणि विचारलं, "गंज काढायचाय, की चांदी उजळायचीय?"
मी म्हटलं, गोचीड मारायचेत.
"म्हशीचे?"
"माशीचे."
ते हसले नाहीत. पावतीवर लिहिलं: ऑक्झॅलिक, पाव किलो.

बाजारभोगावपर्यंत पुडी मांडीवर.
एसटीच्या खिडकीत ऊस, ऊस, मग भात, मग एकदम डोंगर.
हेच आम्ल शाळेच्या कुंपणाशी आम्ही चघळायचो,
आंबुशीची तीन पानं, दात आंबेपर्यंत.

पेटी नऊ.
अर्धी वाटी माश्या, दोन चमचे पिठीसाखर, बरणीला जाळीचं झाकण.
हलवली, पांढऱ्या ताटात झाडली.
सतरा.
तांबूस, चपटे, अळिवाच्या दाण्यासारखे,
फक्त अळीव चालत नाहीत.
दाराच्या फळीवर एक तरणी माशी स्वतःला ओढत होती,
पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे चुरगळलेले.
उडायला गेली, गवतात पडली,
आणि पुन्हा फळीकडे चालू लागली.

हैबतीकाकांच्या गोठ्याच्या भिंतीत सातेरी आहे.
"आमची माशी एकमेकीची पाठ बघती," ते म्हणतात,
"दुपारच्याला बायका उवा बघत बसत्यात न्हवं, तशी.
तुझी परदेशी. तिला कुणी शिकवलंच न्हाई."
खरं आहे.
माझ्या मेलिफेराला मध भरणं येतं, पाठ बघणं येत नाही.
किडा मुळात त्यांच्याच माशीकडून आला,
हे मी काकांना सांगत नाही.

मेणाच्या झाकणाआड बाळं, बाळांच्या अंगाला तो.
आम्ल तिथं पोचत नाही.
म्हणून मी राणीला कोंडलं.
काडेपेटीएवढा पिंजरा, चोवीस दिवस.
फटीतून कामकरी तिला भरवत राहिल्या.
अंडं नाही, अळी नाही,
झाकायला काही नाही, लपायला काही नाही.
सकाळचा चहा घेऊन मी पेटीशी जायचे, दिवस मोजायचे.
मला बाळंतिणीच्या खोलीत किती दिवस ठेवलं होतं
तेही एकदा मोजून झालं.
चाळीस. शेगडी, धुरी, अळिवाचे लाडू,
खिडकीला पोतं.
तुझ्या भल्यासाठीच, म्हणायच्या सगळ्या.

पंचविसाव्या संध्याकाळी
लिटरभर कोमट पाकात पस्तीस ग्रॅम.
हातमोजे, चष्मा, नाकाला मास्क.
"साखरंतनं इख पाजतीस व्हय गं?" काका कुंपणापलीकडून.
दोन चौकटींमधल्या गल्लीत सिरिंजने पाच मिलिलिटर,
मग पुढची गल्ली, मग पुढची.
जास्त झालं तर माशी मरते, कमी पडलं तर तो जगतो.
माझा हात हुपरीच्या कारागिराचा नाही.
सातव्या गल्लीत थरथरला, थोडं सांडलं.
पेटी खवळली नाही,
गुणगुण तेवढी एक पट्टी वर गेली.

सकाळी तळातला तेल लावलेला कागद ओढला.
तांदूळ निवडावेत तशी भिंग घेऊन बसले.
दोनशे बारा,
आणि एक, जो अजून पाय हलवत होता.
काका मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ गप्प.
मग, "आमच्या भिंतीत पन बघ की एकदा."

राणीला सोडलं.
मला वाटलं होतं तशी ती धावली नाही.
पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबली,
जणू दार उघडं असणं हीसुद्धा एक चाल असावी.
तिसऱ्या दिवशी एका घराच्या तळाशी
उभं, पांढरं, कणीहून बारीक.
मी चौकट उन्हाकडे धरून उगाचच पुन्हा पुन्हा पाहिलं.

महिन्याने पुन्हा बरणी, पुन्हा साखर.
ताटात तीन.
काकांना शून्य हवं होतं.
मी वहीत तारीख घातली,
पुडीचं तोंड वळून दोऱ्याने बांधलं
आणि ती मिठापासून लांब,
वरच्या फळीवर ठेवली.