तपकिरी

ब्लँटायरच्या प्रयोगशाळेत वीज गेली,
जनरेटर धापा टाकत सुरू झाला,
आणि एस्नार्ट कलुआनं काच पुन्हा भिंगाखाली सरकवली.
फालेसी माकिना, वय एक्केचाळीस,
थ्योलोच्या मळ्यात चहा खुडते.
गर्भाशयाच्या मुखाचा तुकडा,
भुईमुगाच्या अर्ध्या दाण्याएवढा.

निरोगी अस्तराची एक रीत असते:
तळाची पेशी दुभंगते, लेक वर निघते,
चढता चढता चपटी होते,
आपण काय काय होऊ शकलो असतो ते विसरते
आणि एके दिवशी मुकाट गळून पडते.
हे विसरणं म्हणजेच वयात येणं.

इथे काही जणी विसरलेल्याच नाहीत.
सॉक्स-टू, ऑक्ट-फोर, नॅनॉग:
गर्भात थोडे दिवस राबून
निघून जायचे ते मुकादम
परत आलेत, केंद्रकात ठाण मांडून बसलेत,
डीएनएवर बोट ठेवून बजावताहेत,
थांब. काही ठरवू नकोस. कोवळीच राहा.
नॅनॉग हे नाव म्हणे आयरिश दंतकथेतलं,
कुणीच म्हातारं होत नाही अशा देशाचं.
नाव ठेवणारा बहुधा या खोलीत कधी बसला नसावा.

रंग चढतो तो तपकिरी.
जिथे मुकादम, तिथे केंद्रक गडद,
बिनदुधाच्या चहासारखं.
ती मोजते. शंभरात अकरा.

मंगळवारी फालेसी स्वतःच खिडकीशी आली होती.
औषध संपलं, गाठ विरली, मग परत कशी?
एस्नार्टनं सांगितलं, जमेल तसं, चिचेवात,
मुकादमाला शब्द शोधत.
फालेसी ऐकत राहिली, मग म्हणाली,
"चहाचं झुडूप नसतं, बाई, झाड असतं.
सोडून दिलं तर घराहून उंच जातं,
पांढरं फुलतं, बी धरतं, थकतं.
आम्ही शेंडा खुडत राहतो
म्हणून साठ वर्षं कोवळं.
गुडघ्याखाली छाटलं तरी बुंध्यातून फुटतंच.
तुमचं औषध काय करतं,
बुंधा काढतं की नुसतं खुडतं?"

बोटांच्या पेरांवर तिच्या
पानांचा डाग होता, न धुतला जाणारा.

एस्नार्टनं अकराचा आकडा लिहिला,
खाली सही केली.
मिनीबसला अजून वीस मिनिटं होती.
ती परत त्या अकरांपाशी गेली,
एकेक केंद्रक सावकाश पाहत,
जणू त्यातलं एखादं
आता तरी म्हातारं व्हायला तयार होईल.