हॉलच्या किल्ल्या

एकोणीस किल्ल्या आहेत जुडग्यात.
बारा लागतात. उरलेल्या सातांची कुलुपं कुठे गेली
ते मला जुडगा देणाऱ्या लाकलन ड्यूआरलाही ठाऊक नव्हतं.
"असू देत," म्हणाला, "एखादं दार सापडलं तर."

केल्डर्स फ्लॅटच्या नदीत सोनं निघालं
तेव्हा तंबूंच्या या गावाने आधी हॉल बांधला
आणि मग चर्च.
पाद्री मरेपर्यंत कुरकुरत होता म्हणे.
भिंतींना नदीचा दगड, वर पत्रा,
आणि दर्शनी बाजूला चार खांब चुन्याचे,
लांबून संगमरवरी वाटावेत असे.
खांब काहीच पेलत नाहीत,
आमच्या काही नगराध्यक्षांसारखे.

सोनं संपलं. हॉल उरला.

इथे दारुड्यांना दंड झाले, मोकाट डुकरांचे लिलाव झाले.
न्यूझीलंडच्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं त्या दिवशी
जेसी टॉरन्स कोपरापर्यंत पिठाने माखलेली आली,
"पाव भट्टीत आहेत, आटपा" म्हणत.
कारकुनाची नोंद अजून वाचता येते:
एका मतपत्रिकेवर पिठाचा अंगठा. वैध धरली.

शनिवारच्या नाचासाठी जमीन गुळगुळीत हवी,
म्हणून दुपारी मेणबत्त्या किसायच्या
आणि पोरांना पोत्यावर बसवून ओढायचं
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
त्याच जमिनीवर अठरा साली, तापाच्या साथीत,
बावीस खाटा मांडल्या.
रोगी कूस वळला की खाट घसरायची.
नर्सने पायांखाली ओली पोती घातली,
तीच, पोरांची.

"बायकांनी येताना बशी आणावी" अशी पाटी असते इथे.
बशी म्हणजे बशीभर खाऊ, हे सांगावं लागत नाही.
युद्धानंतर हॉलंडहून आलेली आन्येके फान लून
एक स्वच्छ, रिकामी बशी घेऊन आली,
निळ्या काठाची.
कोणी हसलं नाही, असं सगळे सांगतात.
इतकं ठासून सांगतात
की कोणीतरी हसलं असणार.
बशी अजून आहे. मी तिच्यात फ्यूज ठेवतो.

मागच्या हिवाळ्यात पोटमाळ्यावर
गळतीखालचं भांडं बदलायला चढलो
आणि वर्गणीची वही हाताला लागली.
ॲलेक्झांडर ड्यूआर, पाच पौंड.
विधवा मकिन, चार शिलिंग.
घोडा टॅफी, एक शिलिंग. (खाणवाल्यांची थट्टा.)
एक चिनी, दोन पौंड.
दोन पानं उलटल्यावर पुन्हा
एक चिनी, सव्वा पौंड.
तोच, की दुसरा?
घोड्याला नाव आहे.

आता दारावर पिवळा कागद लागलाय:
भूकंपात ही इमारत टिकेल याची खात्री नाही.
पाडायची, की नऊ लाख डॉलर घालून सावरायची,
यावर काल सभा झाली.
करांवरून भांडण, पार्किंगवरून भांडण,
कोणीतरी पंचवीस वर्षांपूर्वीचं कुंपण उकरलं.
मी वही वाचून दाखवली. त्या ओळीशी थांबलो.
मागून कोणी म्हणालं, "पुढे वाच."
मी तीच ओळ पुन्हा वाचली.

निर्णय गुरुवारवर गेला; गाई खोळंबल्या होत्या.
पण दाराशी नवी वही ठेवली होती.
हेटी मकिनने पणजीची रक्कम लिहिली, चार शिलिंग,
आणि म्हणाली, "महागाईचा हिशोब तुम्ही करा."
सगळे गेल्यावर पेन घेऊन मी बराच वेळ उभा होतो.
एक ओळ कोरी सोडली.
तिच्याखाली माझं नाव, वीस डॉलर.

मग खुर्च्यांच्या घड्या, मग दिवे,
मग आठवलं, वरचं भांडं भरलं असेल,
आणि पुन्हा शिडी लावली.