चौथं सड

आमचे वडील तीन सडांची धार काढायचे,
चौथं वासराला.
तेवढंच आमच्या घरचं नीतिशास्त्र.
बाकी सगळं तापवून, साय धरून, विरजून
आम्ही संपवलं.

पुढं मी पशुधन पर्यवेक्षक झालो.
चौतीस वर्षं, कुरखेड्यापलीकडची बावीस गावं,
मोटारसायकलला बांधलेली द्रव नत्राची टाकी,
खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा हातमोजा.
किती गायी गाभण राहिल्या
ते रजिस्टरात आहे.
किती गोऱ्हे झाले तेही आहे.
पुढं त्यांचं काय झालं
यासाठी रकाना नव्हता.

मोहटोल्यात योजना आली तेव्हा
पोचूबाई नैतामच्या दारात
संकरित गाय उतरवली मी.
कानात पिवळा बिल्ला, अंगठा, फोटो.
महिन्याभरानं गेलो तर
वासराची कातडी तुकतुकीत,
शेपूट वर करून अंगणभर उधळतंय
आणि योजनेच्या बादलीत
टोरी भरून ठेवलेली.

"दूध काढत नाही?"
"कायले जी? तेचं हाये ते."
जसं कुणी सांगावं,
ही बांधी नैतामची, ती कोडाप्याची.
आवाजात दया नाही, धर्म नाही.
मी प्रथिनांचं बोललो, कॅल्शियमचं बोललो,
डेअरीचा भाव सांगितला.
सगळं ऐकून घेतलं तिनं, मग म्हणाली,
"तुमच्या मायपाशी
कोनी बादली घेऊन गेलता का जी?"
बाया तोंडाला पदर लावून हसल्या.
मी अहवालात लिहिलं:
लाभार्थी उदासीन.

तिला साध्वी करू नका.
त्याच दुपारी तिनं माझ्यासाठी कोंबडा कापला,
पानाच्या द्रोणात मोहाची दिली.
अंडी मात्र डालीखाली तशीच,
वर खुडूक कोंबडी, पिसं फुगवून.
"हे खाल्ले तं पिल्लं कोठून येतीन?"
हा हिशेब होता की माया,
मला अजून सुटलेलं नाही.

आणि मी दूध सोडलं ते तिच्यामुळंही नाही.
ते एका पहाटेमुळं.
पावशे गुरुजींच्या गोठ्यात
वासरू दगावलेलं, गाय पान्हा चोरते.
कातड्यात तणस भरलं, चार काठ्यांचे पाय,
उभं केलं तिच्यासमोर.
ती हुंगली. थांबली.
मग चाटत राहिली तणस भरलेली पाठ
आणि चर्र करून धार सुटली.
"जमलं साहेब," गुरुजी म्हणाले.
जमलंच होतं.
कल्पना माझी होती.

आता वडशाला घर बांधलंय. कोरा चहा पितो.
शकुन म्हणते, हाडं भुगा होतील.
मेहुणे विचारतात, कोणता पंथ घेतला?
कुणी म्हणतं, आता पेन्शन आहे ना,
आता परवडतं.
याला माझ्याकडं उत्तर नाही,
कारण ते खरं आहे.

परवा अंगणवाडीपाशी उभा होतो,
तीन वर्षांची पोर, वजन साडेनऊ,
हातात उकडलेलं अंडं, सोलता येईना.
मी सोलून दिलं.
टरफल खिशात घेऊन घरी आलो,
कुणाला काही बोललो नाही.

आज शेजारून वाटीभर खरवस आला.
गूळ, वेलदोडा, वर जायफळाची पूड.
जन्मात याच्याइतकं मला काही आवडलेलं नाही.
कशाच्या वाट्याचा आहे हा चीक
हे मला पक्कं ठाऊक,
पगार घेऊन शिकवत होतो तेच गावोगाव:
पहिल्या दोन तासांत पाजा, नाहीतर वासरू जगत नाही.
शकुन म्हणते, खाऊ नका, पण वाटी रिकामी नाही द्यायची.
मी तिच्यात बांधीतले वाटाणे घालतो
आणि दारात उभा राहतो.

भिंतीपलीकडं बादलीत धार वाजते आहे.
आधी पत्र्यावर वाजते तशी,
मग फेसात बुडून मऊ.
दाव्याला वासरू हिसके देतंय.
मी मोजतो. एक.
दुसरं.
अजून चौथ्याची पाळी आलेली नाही.