पाचापैकी एक

गाडीला पाच काड्या, फोनला चार.
दोघांचं कधी जुळत नाही.
खिशातला म्हणतो तीन, तर डॅशबोर्ड
मनाशी काहीतरी हिशेब करून दोनावर येतो,
आणि तोही उशिरा: मी टेकडी उतरून
पार खाली आलेली असते, स्क्रीन अजून
माथ्यावरचीच रेंज सांगत बसलेली.

गॅरेजवाला ह्यू म्हणाला, बिघाड नाही हा.
मोजतो फोन. गाडी फक्त ऐकीव सांगते.
म्हणजे आमच्या पोस्टातल्या बायांसारखं, मी म्हटलं.
तो हसला. बिल कमी केलं नाही.

अकरा वर्षं झाली, हायलँड्सच्या या एकेरी रस्त्यावर
मेंढ्यांची डॉक्टर म्हणून फिरतेय.
रस्ता मला काड्यांनी पाठ आहे.
बंद पडलेल्या शाळेपाशी तीन,
सामन माशांच्या शेडपाशी दोन,
मग लॉखचा काठ, आणि सहा मैल
काही नाही.

एप्रिल. पहाटेचे पावणेपाच, काचेवर बर्फाचा भुरा.
रुआरीचा आवाज चारही स्पीकरमधून एकदम आला.
मेंढी अडलीय. आजोबांचा हात आत जात नाही.
बाप समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर,
घरात लहान हात एवढा एकच, अकरा वर्षांचा.

किती पाय लागतायत?
एक.
आणि नाक?
नाक नाही. कान आहे बहुतेक, कान आणि...
इथे आवाजाला भोकं पडली.

स्क्रीनवर तीन काड्या होत्या. स्क्रीनचं कोण ऐकतं.
मी कानानं गाडी मागे घेतली,
अंधारात, उलटी, शंभरेक पावलं,
समोरच्याला वाट द्यायला रस्ता जिथे जरासा रुंदावतो
तिथवर. शब्द पुन्हा जुळले.
मग बऱ्याच वेळानं स्क्रीनलाही कळलं:
पाचापैकी एक.
हँडब्रेक ओढला.

पुढे गेले तर वीस मिनिटं, आणि वाटभर मुकी.
थांबले तर नुसतं तोंड, हात नाहीत.
थांबले.

कळ आली की थांब, रुआरी. तिच्याशी भांडू नकोस.
ओसरली की मागे ढकल, हलकेच.
आता मान. मानेवरून पुढे सरक, जबडा धर, वळव.
दुसरा पाय खाली दुमडलेला असेल.
खूर मुठीत झाक, अंडं धरतोस तसा,
मग ओढ.

मागे मासळीचा ट्रक येऊन थांबला.
ड्रायव्हर उतरला, शिव्या तोंडाशी घेऊनच,
काचेवर टकटक. मी ओठांवर बोट ठेवलं,
मग तेच बोट स्क्रीनकडे नेलं.
त्यानं वाकून पाहिलं. त्या छतातून
एका पोराचा दम लागलेला आवाज ऐकला.
मागे गेला आणि ट्रक बंद केला, दिव्यांसकट,
जणू इंजिनाच्या वाऱ्यानं काडी विझेल.

सापडला, रुआरी म्हणाला, खूर साप...

त्यानंतर काही नाही.
काडी मात्र आणखी मिनिटभर तशीच होती.

सहा मैल कसे गेले ते विचारू नका.
एक हरीण मधे आलं, एवढं आठवतं.

गोठ्यात दिवा. म्हातारा टॉर्किल गवताच्या मुठीनं
काहीतरी पिवळं, ओलं चोळत होता.
जीभ सुजलेली, डोकं डुगडुगतंय,
आणि पुढचे दोन पाय
उभं राहायच्या बेतात.
रुआरी भिंतीला टेकलेला, हात खांद्यापर्यंत लाल.
पालथ्या बादलीवर त्याचा फोन,
गोठ्याकडे तोंड करून नीट उभा केलेला.

तुम्ही बोलायच्या थांबलात, तो म्हणाला.
मला वाटलं ऐकताय. म्हणून मी सांगत राहिलो,
काय काय होतंय ते. सगळं. शेपटीपर्यंत.

टॉर्किलनं मान वर केली नाही.

ऐकलं, मी म्हटलं, बाह्या दुमडत.
फक्त शेपटीचं तेवढं नीट आलं नाही.
ते परत सांग.