काचेचं वय

बेतुलच्या धक्क्यावर कायतान
जाळ्यातून शेवंड सोडवतो तेव्हा ती करकरते,
मिशीच्या मुळाशी
गंजलेल्या बिजागरीचं दार असल्यासारखी.
नांग्या नाहीत तिला, खेकड्यासारखं धरता येत नाही.
आहे ती एवढीच तक्रार, आणि पाठभर काटे.

पोटाखाली नारिंगी गाबोळी.
हॉटेलवाला अंड्यांची घेत नाही,
म्हणजे घेतो, पण खरवडून दे म्हणतो.
त्यासाठी होडीत दातांचा एक जुना ब्रश असतो.
मी पाहिलाय. दांडीवर अंगठा टेकतो तिथं
प्लॅस्टिक गुळगुळीत झालंय.

त्या दिवशी मी पाचशे रुपये वर दिले
आणि तीन बस बदलून तिला दोनापावलाला आणली.
बादलीत काय, कंडक्टरनं विचारलं.
सुंगटां, म्हटलं.

सव्वीस दिवस अंडी तपकिरी होत गेली.
प्रत्येकात दोन काळे ठिपके:
आधी डोळे, बाकीचं मागाहून.
मग एका पहाटे टाकीतलं पाणी
नुसतंच हललं.
टॉर्च आडवा धरला तेव्हा दिसली
हजारांनी,
पानासारखी चपटी, पानाहून पातळ,
शिरांच्या जागी पाय.
पलीकडची भिंत दिसावी इतकी नसलेली.

तिसऱ्यांचं मांस टाचणीच्या टोकावर
भरवलं एकेकाला.
कातेमागून कात, किती वेळा, ते पुस्तकात आहे.
माझ्या चंचुपात्रांत एकोणिसाव्या रात्रीपर्यंतच होतं.
सकाळी तळाशी पांढरी.
मेल्यावरच नीट दिसतात ती.

समुद्रात त्यांना असं कुणी भरवत नाही.
दिवसा खाली, रात्री वर,
वर एक ओढ, खाली दुसरीच.
जेलीफिशच्या छत्रीवर बसून
तिलाच कुरतडत
सहा महिने, आठ महिने,
लक्षद्वीपकडे की ओमानकडे, कुणी पत्ता ठेवत नाही.

कायतानचा इनास जहाजावर आहे, नऊ महिन्यांचं कंत्राट.
कुठे आहेस विचारू नये, त्याची आई पिएदाद म्हणते,
जेवलास का विचारावं.
मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवत नाही.
इनासला पगार मिळतो.

बंदी उठून तीन आठवडे झाले होते.
कायतानचा फोन:
"नांगराच्या दोरयेक भूत चिकटलां गो.
सुंगटाचं भूत."

गेले.
शेवाळात, बोटाच्या पेराएवढं,
शेवंडच. मिशा, शेपटी, सगळं जागच्या जागी,
रंग तेवढा भरायचा राहिलेला.
त्याच्या पाठीतून दोरीचे पीळ मोजता येत होते.
या वयात ते काही खात नाही,
पानपणी साठवलेल्या चरबीवर
किनारा गाठायचा,
ती संपायच्या आत.
वाट कशी कळते?
खडकावर फुटणाऱ्या लाटांच्या आवाजानं, म्हणतात,
किंवा शेवाळाच्या वासानं.
माझ्याकडून वदवून घेऊ नका.

चाळीस वर्षं शेवंडी धरणाऱ्या माणसानं
ओंजळीतल्या पाण्यात ते धरलं
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
"हें तिचं पोर?"
तिचं नसेल. इथल्या कुणाचंच नसेल.
आपली तिकडे जातात, तिकडची इकडे लागतात,
आई कुठली ते समुद्रालाही सांगता यायचं नाही.
"म्हणजे पावणो," तो म्हणाला,
आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकाच्या भेगेशी
ओंजळ हळूच सैल केली.

चारेक दिवसांत कात टाकील,
तपकिरी चढेल, पट्टे येतील,
उजेडाची भीती वाटू लागेल.
दिसणं सुरू झालं की लपणंही आलंच.

परतताना होडीत पाहिलं.
ब्रश होता, फळीच्या खाचेत, नेहमीच्या जागी.
मी विचारलं नाही.
केसांवर मीठ सुकलेलं होतं,
बरेच दिवस न वापरल्यासारखं,
किंवा उन्हात
मला तसं दिसलं.