उभा जन्म

सकाळी सहा चाळीसला
मी पिवळे रबरी हातमोजे चढवतो,
भांडी घासायचे तेच,
आणि देओलिंदाच्या पायाशी बसतो.

मोजा घट्ट. नुसत्या बोटांना दाद देत नाही.
टाचेपर्यंत उलटा करायचा,
मग पाऊल, मग टाच नेमकी टाचेत,
मग तळव्यांनी चोळत चोळत वर.
सुरकुती राहता कामा नये.
पहिल्या दिवशी बावीस मिनिटं लागली.
ती म्हणाली, बंदरावर क्रेन चालवलीस तीस वर्षं, आदेरितो,
आणि एक मोजा उचलत नाही तुला?

मी बसून कमावलं.
धक्क्यावर, उंच काचेच्या खोलीत,
कंटेनर उचलून कंटेनरवर ठेवत.
तिने मातोझिन्योशच्या कारखान्यात,
ओल्या फरशीवर,
सार्डिनची डोकी उडवत,
डब्यात चार, शेपटीकडे तोंड, तोंडाकडे शेपटी,
सदतीस वर्षं.
उभा जन्म गेला तिचा.
अक्षरशः उभा.

संध्याकाळी म्हणायची, पायांचे तुकडे पडलेत.
मी म्हणायचो, घे की वर,
आणि पेपरचं पान उलटायचो.

ऑगस्टमध्ये सगळं गाव किनाऱ्यावर.
ही पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या आडोशाला
काळे मोजे घालून बसलेली.
मला वाटायचं, तिला वाळू आवडत नाही.

डॉक्टर इओलांडांनी थंड जेल लावलं.
पडद्यावर राखाडी पाण्यासारखं काही हललं.
ह्या झडपा, त्या म्हणाल्या,
वर चढलेलं रक्त इथे थांबायला हवं,
पण दारं लागत नाहीत. परत खाली उतरतं.
देओलिंदाने मान डोलावली, जणू
कारखान्याच्या मागच्या दरवाजाबद्दलच चाललंय.

मग गुडघ्यापासून मांडीपर्यंत
शिवणाच्या दोऱ्याएवढी तार,
टोकाला उजेड.
मागे ओढत ओढत शीर आतून भाजून बंद.
भूल जागच्या जागी, ती टक्क जागी.
तोंडात करपल्याची चव आली म्हणाली,
तव्यावर विसरलेल्या मासळीची.

मी विचारलं, आता रक्त जाणार कुठून?
खोल शिरा आहेत की, त्या घेतील वाटून.

परतताना गाडीत बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली,
झुल्मिरा आजारी पडली तेव्हा
तिचं टेबल आम्ही असंच वाटून घेतलं.
मालकाने नवी बाई घेतलीच नाही.

नंतरचे दिवस:
मांडीवर नीळ, जांभळी,
मग हिरवी, मग जुन्या कागदासारखी पिवळी.
आत कुणी दोरी ताणून बांधल्यासारखं.
कागदावर लिहिलेलं,
रोज चाला. एका जागी उभं राहू नका.
दुसरी ओळ तिने दोनदा वाचली,
आणि खिडकीकडे तोंड करून
बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
हे तिला सदतीस वर्षांत
कुणी सांगितलं नव्हतं. मीही.

मग आम्ही पाय मोकळे करायला निघालो,
रोज, दीपस्तंभापर्यंत, वारा अंगावर घेत.
ती पुढे. मला धाप.
दर बाकापाशी मी थांबायचो,
ती वळून बघायची नाही.

घोट्यापाशी अजून बारीक जांभळ्या रेघा आहेत,
कोळ्याच्या जाळ्यासारख्या.
त्याही सुईने घालवता येतील,
दोन-तीन खेपा लागतील,
आणि पुन्हा येणारच नाहीत असं नाही.
राहू देत, ती म्हणाली.
कोळ्यांचं गाव आहे,
एवढं जाळं चालायचंच.

तीन आठवडे झाले. आजपासून मोजा नको.
तरी सहा चाळीसला जाग आली,
हातमोजे चढवले, खोलीत आलो.
पलंग आवरलेला.
ती दाराशी बुटांची नाडी बांधत होती, वाकून,
एकटीच.

मी तिथेच, पिवळे हात घेऊन.

बघितलं तिने, आणि हसली.
घातलेच आहेस तर, म्हणाली,
भांडी पडलीत रात्रीची.