उशीचा अभ्रा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी
वूच शहरात, चौथ्या मजल्यावर
आईने खिडकी उघडली
आणि उशीचा अभ्रा खाली सोडला.
अभ्र्यात अडतीस हजार झ्वोटी,
वर एक सफरचंद.
सफरचंद कशाला, मी नंतर विचारलं.
म्हणाली, न्यायला आलेला पोरगा
थंडीत उभा होता गं, टोपीसुद्धा नव्हती.

फोनवर आधी राडेक रडला होता,
मग कुणी एक जाड आवाजाचा अधिकारी:
नातवाच्या गाडीखाली बाई आलीय,
जामीन भरा, कुणाला सांगू नका,
मुलीला तर मुळीच नको.
राडेक तेव्हा बर्गनच्या गोदीत
जहाजाच्या पोटात शिरून वेल्डिंग करत होता.
त्याच्याकडे गाडी नाही. कधीच नव्हती.

आई एकतीस वर्षं सूतगिरणीत होती.
हजार चात्यांच्या गदारोळात
एक धागा तुटला तरी तिला ऐकू यायचा.
तिला नातवाचा आवाज ओळखता आला नाही
असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

संध्याकाळी खरा पोलीस आला, तर त्याला
तिने अर्धा तास दाराबाहेर ठेवला.
त्याचा आवाज पोलिसासारखा नव्हता म्हणे.

मग मी कंबर कसली.
बँकेत अर्ज, खात्याला मर्यादा,
जुना फोन भिंतीतून उपटला,
मोठ्या बटणांचा नवा आणला, आत पाचच नंबर.
कार्ड माझ्या पाकिटात.
कागद चिकटवला: पोलीस पैसे मागत नाहीत.
(त्याच्या मागे तिने हेरिंग मुरवायचं प्रमाण लिहून ठेवलंय.)
परवलीचा शब्द ठरवला,
तिच्या लहानपणच्या कुत्र्याचं नाव.
ते इथे लिहीत नाही.
दुधाने तोंड पोळलं तिचं,
ताक फुंकत बसलेय मी.

दर शुक्रवारी मी तिला दीडशे झ्वोटी मोजून देते.
ती पावत्या काढून ठेवते, मी न मागता,
पावाची, दोऱ्याच्या रिळाची,
मेणबत्तीची, आबांच्या थडग्यासाठी.
एकदा चष्म्यावरून बघत म्हणाली,
बोग्ना, त्याने सगळं एकदम नेलं.
तू हप्त्याहप्त्याने नेतेस.
आणि हसली.
मी भांडी घासायला उठले, घासलेलीच होती ती.

एका रात्री, दिवा मालवल्यावर:
चाळीस मिनिटं बोलला तो पोरगा.
आजी, गुडघा कसा आहे, म्हणाला.
त्याला गुडघ्याचं कुणी सांगितलं असेल?
तूच सांगितलं असशील, आई.
हो, मीच.
पण विचारलं तर त्याने.

मी गोळ्यांचं विचारते.
रक्तदाब, दार लावलं का, गॅस बंद केला का.
अंधारात आठवून पाहिलं,
शेवटचा गुडघा मी कधी विचारला होता.

परवा ट्रामच्या थांब्यावरून फोन केला, येतेय म्हणून.
शब्द? तिने विचारलं.
आणि माझं डोकं कोरं.
चार मिनिटांपूर्वी आठवत होतं,
तिचा भुरा, एका कानाचा कुत्रा,
नाव मात्र ओठांवरून घसरून बर्फात पडलेलं.
आई, मी आहे गं, मी!
सगळे असंच म्हणतात, ती म्हणाली
आणि फोन ठेवला.

पिशवीत तिची औषधं, तिचेच दीडशे,
नाकातून पाणी,
आणि मला कशाचं तरी भरून आलं.
कशाचं, ते अजून कळलेलं नाही,
अभिमानच असावा बहुतेक.

चार मजले चढले.
भिंगाआड तिचा डोळा आहे हे ठाऊक होतं.
दार बोटभर उघडलं, साखळी तशीच.
शब्द?
आई, मी म्हटलं, तुझा गुडघा कसा आहे?

बराच वेळ काही नाही.
खाली कुणीतरी जिन्यावर पाय आपटून बर्फ झाडत होतं.
साखळी निघाली नाही.
फटीतून आधी एक हात आला,
आणि हातात सफरचंद.